खोली बदलायची, कुणाला विचारून?

सालवडला खोली बघायला गेलेल्या माणसाला आधी भाड्याचं विचारत नाहीत. ‘गाव कुठलं?’ असं विचारतात. उत्तर आझमगड असो, गंजाम असो की बीड, पुढचं सगळं बोलणं त्यावर ठरतं: डिपॉझिट किती, खोलीत माणसं किती, गावचे पाहुणे आले तर किती दिवस. पालघर जिल्ह्यात तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या या गावात चाळी उभ्या राहिल्या त्या कारखान्यांमुळे. कारखाना सुटला की खोली सुटते. बायकामुलं गावाहून आली की पुन्हा मोठी खोली बघायची. ‘छोटा हत्ती’ टेम्पो दारात येतो, गादी, पंखा, टीव्ही, देव्हारा, कूलर चढतो आणि अर्ध्या तासात संसार पास्थळला नाहीतर सरावलीला पोहोचतो. सामान पटकन हलतं. कागद हलत नाहीत. आणि कागदांबद्दल चाळीत जे सांगितलं जातं, त्यातलं निम्मंअधिक चुकीचं असतं.

सर्वांत मोठा गैरसमज असा की बाहेरच्या राज्यातून आलेल्याला इथं राहायला कुणाची तरी परवानगी लागते. ग्रामपंचायतीची, पोलिसांची, नाहीतर ‘गावातल्या लोकांची’. राज्यघटनेच्या कलम १९ नं भारतीय नागरिकाला देशात कुठंही फिरण्याचा आणि कुठंही राहून स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. ग्रामपंचायत घरपट्टी घेते, नळाला पाणी सोडते; कुणी राहावं आणि कुणी राहू नये हे ठरवणं तिच्या हातात नाही. डोमिसाइलचंही तेच. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याशिवाय अधिवासाचा दाखला मिळत नाही हे खरं, पण तो लागतो काही नोकऱ्यांना आणि काही प्रवेशांना. खोली घ्यायला, मतदार व्हायला, मुलाला शाळेत घालायला त्याची गरज नाही.

कलम १९ मध्ये एक बारीक गोष्ट आहे. हा हक्क फक्त नागरिकांचा आहे. म्हणजे गंजामहून आलेला ओडिया कामगार, ज्याला चाळीत सगळे ‘बाहेरचा’ म्हणतात, तो कायद्यानं इथलाच. आणि कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करणारा नेपाळी वॉचमन, ज्याला कुणी परका समजत नाही, तो कायद्यानं खराखुरा परदेशी. तरी त्याच्याकडे व्हिसा मागायचा नसतो. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारातल्या सातव्या कलमानं दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, फिरणं, व्यापार करणं याबाबत समान सवलती द्यायचं कबूल केलं आहे, आणि नेपाळच्या सीमेवरून येणाऱ्या नेपाळी माणसाला व्हिसा लागत नाही. त्याला इथं मत मात्र देता येत नाही. भाड्यानं तो खुशाल राहू शकतो. घर विकत घ्यायचं म्हटलं तर रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी हवी. आधार कार्ड? ते त्याच्याकडे असू शकतं. गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीला आधार काढता येतं. म्हणून ‘आधार आहे म्हणजे भारतीय आहे’ हे जसं चुकीचं, तसं ‘आधारवर बिहारचा पत्ता आहे म्हणजे इथला नाही’ हेही चुकीचं. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा नाही.

मशिनरी बसवायला महिना-दोन महिन्यांसाठी एखादा जर्मन किंवा कोरियन इंजिनिअर येतो, त्याला फ्लॅट देणाऱ्याची गोष्ट वेगळी. ज्याच्या जागेत परदेशी माणूस उतरतो, त्यानं २४ तासांच्या आत ती माहिती ऑनलाइन कळवायची असते. ‘फॉर्म सी’ म्हणून हे प्रकरण वर्षानुवर्षं ओळखलं जातं. हॉटेललाच हे लागू, घरमालकाला नाही, हा समज शेजारच्या बोईसरमध्ये पक्का आहे आणि तो खोटा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून या विषयाचे जुने चार कायदे जाऊन इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांचा २०२५ चा एकच कायदा लागू झाला, पण घरमालकाची जबाबदारी सुटलेली नाही.

‘आपल्याकडेच एवढी भानगड, परदेशात कुणी विचारत नाही,’ हे वाक्यही हमखास ऐकू येतं, बहुधा ज्याचा भाचा तिकडे आहे त्याच्या तोंडून. भाच्याला विचारावं. अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांना घर बदललं की १० दिवसांत सरकारला नवा पत्ता कळवावा लागतो. जपानमध्ये १४ दिवसांत नगरपालिकेत जाऊन नोंद करायची. जर्मनीत तर दोन आठवड्यांत नोंद करताना घरमालकाचं सहीचं पत्र लागतं आणि त्यातून जर्मन माणूसही सुटत नाही. भारतात नागरिकानं खोली बदलली म्हणून अशी सरसकट नोंद करायची सक्ती नाही. या बाबतीत सालवडचा भाडेकरू बर्लिनच्या भाडेकरूपेक्षा मोकळा आहे.

आता करार. इथं गैरसमजांचं पीक जोरात आहे. पहिला: ‘अकरा महिन्यांचा करार हा कायदा आहे.’ तसा कायदा कुठंही नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती नोंदणी चुकवायला देशभर अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात त्या पळवाटेला फारसा अर्थ उरलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की हा कायदा लागू असलेल्या भागात करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेपट्टा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी भाडेकरूची नाही, घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही आणि पुढं भांडण झालं, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, घरमालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो तो वेगळा. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा लाल शिक्का मारला की काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे कलम आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

‘नोंदणीला फार खर्च येतो’ हा दुसरा. हिशेब करून बघू. भाडं ४,०००, डिपॉझिट १५,०००, मुदत ११ महिने. भाड्याचे झाले ४४,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, ते साधारण १,४००. एकूण ४५,४०० च्या आसपास, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क: सव्वाशे रुपयांच्या आत. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. सालवड ग्रामपंचायतीत येतं, तेव्हा ५००. ऑनलाइन दस्त करून देणाऱ्याची मजुरी वेगळी, पण सगळं मिळूनही एजंटच्या एका महिन्याच्या कमिशनपुढं ते काहीच नाही. दोघांचे अंगठे आधारवर जुळले की दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात रांगेत उभंही राहावं लागत नाही.

मग मालक टाळतात का? त्यांच्या मनातली भीती जुनी आहे: ‘कागद केला आणि बारा वर्षं राहिला तर घर त्याचं होईल.’ याच भीतीनं दर वर्षी भाडेकरू बदलणारे, मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर खोली खाली करायला लावणारे मालक आहेत. वस्तुस्थिती नेमकी उलटी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातली ती १२ वर्षं मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे आणि त्याच्या विरोधात ताबा ठेवणाऱ्यासाठी आहेत. जो मालकाच्या परवानगीनं राहतो आणि दर महिन्याला भाडं देतो, त्याचा ताबा विरोधी होतच नाही, मग १२ वर्षं होवोत की ३०. आणि तो परवानगीनं राहतोय याचा सगळ्यांत भक्कम पुरावा कुठला, तर तोच नोंदवलेला करार. शिवाय लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. कागदाला घाबरणारा मालक स्वतःची ढाल फेकून देतो.

डिपॉझिटबद्दल भाडेकरूंमध्येही एक समज पसरला आहे, तो मोबाइलवरच्या बातम्यांमुळं: ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही.’ ही मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. आदर्श म्हणजे नमुना. राज्यानं स्वीकारला तरच लागू. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात अशी मर्यादा नाही. तेव्हा डिपॉझिट किती, कधी परत, रंगाचे पैसे कापणार का, हे करारात लिहून घेणं एवढंच हातात आहे. भाड्याची पावती मागणं हा मात्र हक्क आहे. मालकाच्या वहीतली खूण म्हणजे पावती नव्हे. आणि भाड्यावरून वाद झाला म्हणून वीज किंवा पाणी तोडायला कायद्यानं मनाई आहे.

पोलीस व्हेरिफिकेशन हा शब्द ऐकला की लोक परवानगी समजतात. ती परवानगी नाही, माहिती देणं आहे. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी वेळोवेळी आदेश काढतात की भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली होई, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १६३ खाली होतं. आदेश मोडला तर गुन्हा ज्यानं माहिती दिली नाही त्या मालकावर. हे काम मालकाचं, ऑनलाइन होतं. त्यासाठी भाडेकरूकडून पाचशे रुपये घेणारा एजंट स्वतःच्या खिशासाठी घेतो.

काही कुटुंबं भाड्याला कंटाळून गुंठा घेतात. इथं मला थोडं कडक बोलावंसं वाटतं. पालघर जिल्ह्यातला मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि सरकारची पूर्वमान्यता लागते. नोटरीवर, साठेखतावर, ‘गावातल्या चार लोकांसमोर’ घेतलेली अशी जागा कधी ना कधी हातातून जाते आणि बांधलेलं घरही जातं. कुठंही राहण्याचा हक्क देणारं कलम १९ च अनुसूचित जमातींच्या हितासाठी बंधनं घालायची मुभा देतं. भाड्यानं राहायला कुणी अडवू शकत नाही. सातबारा न बघता जमीन घेणाऱ्याला कुणी वाचवूही शकत नाही.

रेशनचं सोपं आहे, तरी त्याबद्दलच सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. ‘गावचं कार्ड इथं चालत नाही, नवीन काढावं लागेल’ असं सांगून दलाल हजार-दोन हजार काढतात. ९ ऑगस्ट २०१९ ला राज्याबाहेरच्या धान्यवाटपाचा प्रयोग राज्यांच्या ज्या दोन जोड्यांत सुरू झाला, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरात होती. २०२२ च्या जूनपर्यंत सगळी राज्यं त्यात आली. अन्न सुरक्षा योजनेतलं, आधारला जोडलेलं कार्ड असेल तर सालवडच्या दुकानातल्या मशीनवर अंगठा लावून धान्य उचलता येतं. सगळं एकदम उचलायला हवं असंही नाही: थोडं इथं, उरलेलं गावी आईवडिलांनी. दुकानदार ‘स्टॉक नाही’ म्हणाला, तर तो वेगळा विषय. कार्ड चुकीचं आहे असं त्यातून ठरत नाही.

गॅसचं असं की त्याच एजन्सीच्या हद्दीत खोली बदलली तर फक्त पत्ता बदलायचा. दुसऱ्या शहरात गेलात तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून डिपॉझिट परत घ्यायचं आणि ट्रान्स्फरचा कागद नव्या एजन्सीत दाखवायचा. टेम्पोत भरलेला सिलिंडर सोबत घेऊन निघणारे लोक विनाकारण धोका पत्करतात. एकट्या माणसाला पत्त्याचा पुरावाच नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. रस्त्यावर भरून घेतलेल्या टाकीपेक्षा तो शंभरदा बरा.

बँकेत खातं उघडताना आधारवर गावचा पत्ता असला, तर सध्याचा पत्ता स्वयंघोषणेनं देता येतो. वीज मीटरसाठीही ‘मालकाच्याच नावावर’ असा नियम नाही. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ ‘मालक किंवा ताबेदार’ म्हणतं.

शाळेच्या दाखल्यावरून मात्र पोरांचं वर्ष जातं, म्हणून हे पाठच करावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की जुन्या शाळेनं दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश थांबवू शकत नाही. वयाचा पुरावा नाही, सत्र अर्ध्यावर आहे, ही कारणंही त्याच कायद्यानं बाद केली आहेत. पहिली ते आठवीपर्यंतच्या मुलाला ‘दाखला आणा, मग बसा’ असं कुणी म्हणालं तर हेडमास्तरांना कलमाचा आकडा सांगावा.

मताचं: ‘गावचं नाव ठेवू, इथंही घालू.’ दोन मतदारसंघांत नाव ठेवणं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं बंद आहे आणि खोटं लिहून दिल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घर बदललं की फॉर्म ८ भरायचा. मालकीचं घर असण्याची अट कुठंच नाही, नेहमीचं राहणं तिथं असलं की झालं.

आणि शेवटची ती चाळीबाहेर उभी असलेली ओडिशाच्या नंबरची मोटरसायकल. ‘दुसऱ्या राज्याची गाडी आरटीओ उचलून नेतो’ या भीतीनं काहीजण ती पडवीत झाकून ठेवतात, तर काहीजण दहा-दहा वर्षं तशीच फिरवतात. कायदा मधला आहे. पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत कळवायचं. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यायचा. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते आणि तिकडं भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो. एनओसीचं काम सुट्टीत गावी गेल्यावर आधी लावून द्यावं.