कोकोपीटमधली मिरची उपाशी का राहते?

नेदरलँड्समधल्या घराच्या खिडकीत कोकोपीटमध्ये मिरची लावलीत, पाणीही वेळेवर घातलंत, तरी कोवळी पानं चुरगळतात? नारळाच्या सोडणाचा हा भुसा पाणी भरपूर धरतो, पण त्यात अन्न फारसं नसतं. उलट आपल्याकडचं पोटॅशियम, सोडियम सोडून तो खतातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पकडून ठेवतो. म्हणून आधी तो कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि निथळून घ्या. पाकिटावर ‘बफर्ड’ लिहिलं असेल तर हे काम आधीच झालेलं असतं. दोन खरी पानं आली, की दर वेळी पाण्यातून अगदी सौम्य द्रवखत द्या. वेस्टलँडच्या काचघरांतही मातीविना वाढणाऱ्या रोपांना पाण्यातूनच खत मिळतं. कुंडीच्या तळातून थोडं पाणी वाहू द्या, म्हणजे क्षार साचत नाहीत. बशीतलं पाणी मात्र ओतून टाका. मुळांना हवाही लागते.