समुद्र नसलेल्या मुलखातून माल बाहेर कसा पडतो

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीचा कोळसा कसा जातो हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. खाणीतून साइडिंगवर, तिथून रेकमध्ये, आणि जंक्शनवरून वर्ध्याकडे, बल्लारशाकडे किंवा वणीच्या फाट्याने आदिलाबादकडे. शेजारच्या गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखनिजाला ही सोय नाही. त्या जिल्ह्यात रेल्वे धावते ती उत्तरेला, वडशाला. खाण दक्षिणेला, एटापल्ली तालुक्यात. म्हणून आधी सगळा भार ट्रकांवर पडला. जुलै 2025 मध्ये खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत सुमारे 85 किलोमीटरची स्लरी पाइपलाइन सुरू झाली. स्लरी म्हणजे पाण्यात कालवलेली खनिजाची बारीक पूड.

चाड, दक्षिण सुदान, कझाकस्तान या तेलाच्या देशांपुढेही हाच पेच आहे: माल आहे, पण खुल्या समुद्राचा किनारा नाही. नळातून माल न्यायचा तर काय काय करावं लागतं, ते आपण क्रमाने पाहू.

सुरुवात हिशोबाने होते. वर्षाला 1 कोटी टन खनिज न्यायचं असेल, तर दिवसाला सुमारे 27 हजार टन होतं. 25 टनी ट्रक धरले, तर रोज जवळपास 1,100 भरलेल्या फेऱ्या, आणि तेवढेच ट्रक रिकामे परत. आलापल्ली-आष्टी रस्त्यावरच्या लोकांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. डिसेंबर 2016 मध्ये नक्षलवाद्यांनी सुरजागडजवळ सत्तरहून अधिक वाहनं जाळली, तेव्हा केवळ रस्त्यावर विसंबण्याचा दुसरा धोकाही दिसला. मात्र माल थोडा असेल किंवा साठा लवकर संपणार असेल, तर नळ परवडत नाही. त्याचा बहुतेक खर्च पहिल्याच दिवशी होऊन बसतो.

मग माल नळाजोगा करायचा. खनिज दळून अगदी मऊ करतात. बहुतेक कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक असावे लागतात. वजनाने साधारण दोन भाग खनिज आणि एक भाग पाणी, असा घट्टपणा राखतात. तेलातून आधी पाणी, वायू आणि रेती काढावी लागते. काही तेलांत मेण असतं, ती थंड झाली की गोठतात. आपल्याच राजस्थानातल्या बाडमेरचं तेल असं आहे, म्हणून ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत तापवलेल्या नळातून न्यावं लागतं.

तिसरी पायरी मार्गाची. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली की काम झालं, असं अनेकांना वाटतं, तसं नसतं. स्लरीच्या नळाला फार तीव्र चढ-उतार चालत नाहीत. पंप बंद पडला तर बसलेली पूड उतारावरून घसरते आणि सखल जागी बूच बनते. जंगल, नाले, वस्त्या आणि ग्रामसभा यांचा विचार याच वेळी व्हायला हवा. नळ पुरल्यावर मार्ग बदलणं जवळपास अशक्य असतं.

देशांच्या बाबतीत मार्ग म्हणजे शेजारी. चाडचं तेल 2003 पासून डोबाहून कॅमेरूनमधल्या क्रिबीपर्यंत 1,070 किलोमीटर जातं आणि त्यातला बहुतेक नळ कॅमेरूनच्या जमिनीत आहे. म्हणून नळाचं पोलाद येण्याआधी करार व्हावा लागतो. दुसऱ्याच्या हद्दीतून माल नेण्याचं शुल्क किती, वाद झाला तर निवाडा कोण करणार, गळतीची भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसतं ते इथे. दक्षिण सुदान 2011 मध्ये स्वतंत्र झाला. तेलाच्या बहुतेक विहिरी त्याच्याकडे आल्या. नळ आणि बंदर सुदानकडे राहिलं. सुदानने बॅरलमागे 30 डॉलरहून जास्त शुल्क मागितलं, दक्षिण सुदान एका डॉलरच्या आसपास द्यायला तयार होता. जानेवारी 2012 मध्ये दक्षिण सुदानने आपलं उत्पादनच थांबवलं आणि ते वर्षाहून अधिक काळ बंद राहिलं. आपल्या ओएनजीसी विदेशचीही तिथे भागीदारी असल्याने ही झळ भारतापर्यंत पोचली. नवजात देशाच्या तिजोरीत येणारा जवळपास सगळा पैसा त्या नळातूनच येत होता. शाळा आणि दवाखान्यांचं त्या वर्षात काय झालं असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

आता नळ चालू करू. स्लरी सेकंदाला साधारण दीड ते दोन मीटर वेगाने वाहावी लागते. दीड मीटर धरला, तर 85 किलोमीटरला सुमारे सोळा तास लागतात. ढवळणं थांबलं की आंबिलीचं पीठ तळाशी बसतं, तसंच वेग कमी झाल्यावर नळातही होतं. फार वाढवला तर पूड नळाला आतून झिजवते. पूड तळाशी बसू नये म्हणून, नळ ठरवून बंद करायचा असेल तेव्हा आधी स्वच्छ पाणी सोडून नळ धुऊन काढतात. अचानक वीज गेली तर ती सवड मिळत नाही. राखीव वीज आणि साठवलेलं पाणी तयार ठेवावं लागतं ते याचसाठी. तेलाच्या नळालाही थांबणं महागात पडतं: फेब्रुवारी 2024 मध्ये सुदानच्या युद्धात पंपिंग स्टेशनांना डिझेल मिळेना, तेल गोठलं आणि दक्षिण सुदानचा मुख्य नळ फुटला. पुढे महिनोन्महिने तो बंद होता.

दुसऱ्या टोकाला तेल टाकीत आणि मग जहाजात जातं. स्लरीतलं पाणी गाळून काढतात, उरलेल्या पुडीचे गोळे भाजून पोलाद कारखान्यांसाठी पेलेट करतात. गाळलेलं पाणी पुन्हा वापरलं जातं की जवळच्या नाल्यात जातं, यावर खालच्या गावांचं बरंच काही अवलंबून असतं.

वायूचं प्रकरण अधिक कठीण. किनारा नसलेल्या देशाला तो द्रवरूप करून जहाजात भरता येत नाही, त्यामुळे नळ ज्याच्या दारात संपतो तोच गिऱ्हाईक. एप्रिल 2009 मध्ये रशियाकडे जाणाऱ्या नळात स्फोट झाला आणि तुर्कमेनिस्तानची तिकडची विक्री अनेक महिने थांबली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चीनकडचा नळ सुरू झाला, तेव्हा कुठे त्याला दुसरं मोठं गिऱ्हाईक मिळालं.

माझ्या मते सर्वांत शहाणा खर्च दुसऱ्या वाटेवरचा. कझाकस्तानचं बहुतेक तेल रशियातून काळ्या समुद्रावर जातं, तरी त्याने चीनकडे नळ टाकला आणि कॅस्पियनमधून टँकरने बाकूची वाटही राखली. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या लोहखाणींतून विशाखापट्टणमला रेल्वेही आहे आणि 267 किलोमीटरचा स्लरीचा नळही. 2009 मध्ये माओवाद्यांनी त्या नळाची नासधूस केली, तेव्हा रेल्वेचा पर्याय होता. गडचिरोलीसाठी म्हणूनच वडसा-गडचिरोली रेल्वेमार्ग महत्त्वाचा. कोनसरीच्या पुढे तयार माल आजही रस्त्याने निघतो.

आपलं गाव नळाच्या वाटेवर असेल, तर ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा: दाब अचानक उतरला तर किती मिनिटांत झडप बंद होते, पाणी कोणत्या नदीतून आणि उन्हाळ्यात किती उचललं जाणार, आणि नळ फुटून शेतात पूड पसरली तर ती कोण आणि किती दिवसांत उचलणार.