बसवरची जाहिरात कोण रोखू शकतो?

छत्रपती संभाजीनगरात २०१९ पासून धावणारी सिटी बस स्मार्ट सिटी कंपनीने सुरू केली. लालपरी आणि मध्यवर्ती बसस्थानक एसटी महामंडळाचे. बसवर थंडपेय किंवा चिप्सची जाहिरात लावायची की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क या जागामालकांचा. अशा जागा सहसा निविदा काढून एजन्सीला ठराविक मुदतीसाठी देतात आणि एजन्सी त्या कंपन्यांना विकते. करारात जी अट असेल, ती एजन्सीला पाळावीच लागते.

मग कायदा काय करतो? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होतो. पण चिप्स कुरकुरीत आहेत, हे काही खोटे नाही. याच कायद्याखालील २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेच्या पदार्थांची जाहिरात रोखली. जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील अशा पदार्थांवरची बंदी मुलांच्या वाहिन्या आणि कार्यक्रमांपुरती. सिडकोतून औरंगपुऱ्याकडे जाणारी बस मात्र दिवसभर मुलांच्या नजरेसमोरून फिरते. ५० मीटरच्या मापाने तिला आवर घालणे अवघड आहे.

लंडनच्या परिवहन संस्थेने नव्या कायद्याची वाट न पाहता स्वतःचे जाहिरात धोरण बदलले. २५ फेब्रुवारी २०१९ पासून तिथल्या बस, मेट्रो आणि थांब्यांवर अशा पदार्थांच्या जाहिराती बंद आहेत. निवाडा गुणांवर होतो: १०० ग्रॅममधील ऊर्जा, संपृक्त चरबी, साखर व सोडियम यांचे गुण धरायचे, फळे-भाज्या, तंतू व प्रथिने यांचे वजा करायचे. खाद्याचे ४ किंवा अधिक, अथवा पेयाचा १ किंवा अधिक गुण झाला की ते ‘कमी आरोग्यदायी’. नुसते बोधचिन्ह झळकवण्याची पळवाटही बंद केली. जाहिरातीत आरोग्याला बरे उत्पादन दिसलेच पाहिजे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार, बंदी नसती तर जेवढी झाली असती त्यापेक्षा अशा पदार्थांची खरेदी दर कुटुंबामागे आठवड्याला सुमारे हजार कॅलरींनी कमी झाली.

आपल्याकडेही हे जमण्याजोगे आहे. पुढच्या निविदेत अशा जाहिराती न लावण्याची अट घालावी. ती बस, थांबे आणि तिकिटे या सर्वांना लागू असावी. २०२० च्या नियमांत अशा पदार्थांच्या व्याख्येत आकडे नाहीत, म्हणून मोजपट्टी आकड्यांत लिहावी. जाहिरात चिकटवण्याआधी एजन्सीने पाकिटावरचा पोषणतक्ता दाखवावा. उत्पन्न बुडेल ही काळजी खरी आहे. पण अटीत बसणाऱ्या उत्पादनांना आणि इतर जाहिरातदारांना जागा मोकळीच राहते. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या बसने आपल्याच मुलांच्या आरोग्याविरुद्ध प्रचार करू नये, एवढी मागणी नागरिकांनी निविदा निघण्याआधीच करायला हवी.