डिस्क घ्यावी की डाउनलोड?

आकुर्डीला राहणारा माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. पगारातून पैसे साठवून त्यानं प्लेस्टेशन ५ घेतलं आणि मला विचारलं, ‘‘मामू, गेम डिस्कवर घेऊ की डाउनलोड करू? जास्त वेगानं कुठला चालतो?’’ मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण पोराच्या कष्टाच्या पैशाचा प्रश्न होता, म्हणून माहिती काढली.

पूर्वी या प्रश्नाला अर्थ होता. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये गेम डिस्कवरूनच वाचला जाई. डिस्कवर ओरखडा असला की खेळ मध्येच अडे. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ पासून पद्धत बदलली. डिस्क घातली की गेम आधी यंत्रात उतरतो आणि तिथूनच चालतो. प्लेस्टेशन ५ मधली एसएसडी सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचते. हा वेग डिस्कला झेपणारा नाही. म्हणून डिस्क असो की डाउनलोड, चित्रात आणि वेगात फरक पडत नाही. डिस्क उरते ती चावीपुरती. खेळताना ती आत असावी लागते. निन्टेन्डो स्विच मात्र कार्डावरून थेट वाचतो. तिथं डाउनलोड केलेला गेम कधीकधी थोडा लवकर उघडतो, इतकंच.

खरा फरक मालकीचा आहे. डिस्क मित्राला देता येते, विकता येते. डाउनलोड केलेला गेम आपल्या खात्याला बांधलेला असतो. पैसे मोजून आपण घेतो तो फक्त वापरण्याचा परवाना. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदाच केला, की दुकानदारानं हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. अर्थात डाउनलोडची सोयही आहे. डिस्क हरवायची भीती नाही, गेम बदलायला उठावं लागत नाही. आणि डिस्क घेतली तरी पुढच्या दुरुस्त्यांसाठी बहुतेक वेळा इंटरनेट लागतंच.

भाच्यानं डिस्क घेतली. त्याच्या मित्रानं दुसरी घेतली. महिन्यानं दोघं अदलाबदल करणार आहेत. आमच्या तरुणपणी एकानं घेतलेलं पुस्तक असंच गल्लीभर फिरायचं. तेव्हा दुकानात जाताना वेगाची काळजी सोडा. खेळून झाल्यावर तो गेम कुणाच्या हाती देता येईल का, एवढं मात्र विचारून घ्या.