भग्न वास्तूंची कंपनपरीक्षा

इटलीतील पाविया नगरीचा मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ रोजी, भूकंप नाही की वादळ नाही, अशा एका सकाळी कोसळून चार माणसे दगावली, तेव्हा जुन्या इमारतींच्या मजबुतीचा निर्वाळा केवळ नजरेने देण्याच्या प्रघाताला मोठाच हादरा बसला. कारण बाहेरून सुघटित दिसणाऱ्या भिंतीच्या पोटातील भरड भराव किती निःसत्त्व झाला आहे, हे नजरेला कधीच कळत नाही.

कुंभाराकडचे मडके आपण वाजवून घेतो, त्याच तत्त्वावर भिंतीचे पोट जोखणारी कंपनपरीक्षा उभी आहे. प्रत्येक वास्तूला तिच्या वस्तुमानानुसार व ताठरपणानुसार ठरणारी नैसर्गिक वारंवारता असते आणि भेगा पडून ताठरपणा घटला की ती वारंवारता उतरते. जीर्ण अवशेषांना यंत्राने हादरे देणे अविचाराचे असल्याने वारा, रहदारी आणि भूमीची अखंड सूक्ष्म थरथर यांनी जे आंदोलन आपोआप होते, तेच संवेदनशील मापकांनी टिपतात. सुमारे ७२.५ मीटर उंचीच्या कुतुबमिनाराचे सर्वांत संथ आंदोलन साधारण सव्वा सेकंदात पुरे होते, हे अशाच मोजणीतून कळले.

परंतु मिनार अखंड आहे. भग्नावशेषांची गोष्ट निराळी. रोममधील मिनर्व्हा मेडिका या नावाने ओळखली जाणारी, चौथ्या शतकारंभीची दशकोनी वास्तू एकीकडे रेल्वे व दुसरीकडे ट्राम यांच्या कचाट्यात उभी असून तिचा घुमट १८२८ साली ढासळला. घुमट शाबूत असताना सर्व भिंती परस्परांना बांधलेल्या असतात. तो गेल्यावर प्रत्येक भिंत आपापल्या परीने डोलू लागण्याचा धोका असतो, आणि कोणता भाग कोणापासून तुटला आहे याचा पत्ता निरनिराळ्या ठिकाणी एकाच वेळी घेतलेल्या नोंदीच देऊ शकतात. माझ्या मते अवशेषांच्या बाबतीत या विद्येचा खरा उपकार हाच होय.

एकट्या मोजणीवर मात्र भिस्त ठेवू नये. इटलीतीलच मांतुआचा ५४ मीटर उंच गाब्बिया मनोरा २०१२ च्या भूकंपानंतर अखंड नजरेखाली ठेवला गेला, तेव्हा असे दिसले की उष्म्याने विटा प्रसरण पावून भेगा मिटतात व वारंवारता चढते, थंडीत ती उतरते. ऋतूंचा हा प्रभाव वजा केल्यावरच जून २०१३ मधील एका दूरच्या भूकंपाने केलेली किंचित पण कायमची घट उघड झाली. मानकातील आकड्यावरही विसंबून भागत नाही. जर्मन मानकात नाजूक संरक्षित वास्तूच्या पायाशी मंद, अल्पकालीन कंपनांसाठी सेकंदाला ३ मिलिमीटर वेगाची मर्यादा घातली आहे खरी. तथापि ती बाहेरच्या हादऱ्याला लगाम घालते, भिंतीची आंतरिक शक्ती सांगत नाही.

१९६७ चा कोयना आणि १९९३ चा किल्लारी भूकंप पाहिलेल्या आपल्या महाराष्ट्रात गडकोटांचे बुरूज व एकाकी उभ्या कमानी असंख्य आहेत. पुढच्या हादऱ्यानंतर झीज किती झाली हे पडताळायचे, तर त्यापूर्वीचा दाखला हवा. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या अवशेषाची पहिली कंपन-नोंद, तो आज सुस्थितीत भासत असला तरीही, दफ्तरी रुजू करण्याची तजवीज संबंधितांनी विनाविलंब करावी.