बरोबरीत सुटलेला डाव

तंजावरहून मायिलादुतुरैकडे जाणारा लोहमार्ग कावेरीकाठच्या भातशेतीतून सुंदरपेरुमाळ कोयिल, कुंभकोणम ही गावे मागे टाकीत जातो. तंजावरच्या भोसल्यांमुळे हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. बुद्धिबळाच्या उपासकाला तर त्याचे अधिकच अगत्य असावे. मायिलादुतुरै येथे १९६९ साली विश्वनाथन आनंद यांचा जन्म झाला.

आनंद यांचे विजय सर्वश्रुत आहेत. परंतु ९ नोव्हेंबर २०१३ रोजी चेन्नई येथे, जगज्जेतेपदाच्या सामन्यातील पहिल्या डावात त्यांनी मॅग्नस कार्लसन यांच्याशी केलेली बरोबरीही अभ्यासण्याजोगी आहे. तो डाव सोळा खेळ्यांतच आटोपला. आपल्याकडे देशी खेळात एका पक्षाचा केवळ राजा उरला, की ‘बुर्जी’ होऊन डाव अनिर्णित ठरे. येथे मात्र पट मोहऱ्यांनी भरलेला असताच दोघे थांबले. असे का व्हावे?

उत्तर प्रारंभातच सापडते. पांढरी मोहरी कार्लसन यांची होती. दहाव्या खेळीस त्यांच्या वजिराच्या घोड्याच्या प्याद्याने मारामारी करून उंटाच्या पट्टीत प्रवेश केला आणि अकराव्या खेळीस ते पुढे सरकून काळ्या घोड्यावर चालून गेले. घोड्याने त्या प्याद्यानेच मोकळ्या केलेल्या घरात उडी घेतली. तेथून त्याला हुसकावण्यास पांढऱ्याचे एकही प्यादे उरले नव्हते.

मग वजीर घोड्यावर धावला. घोडा कडेच्या घरात गेला आणि तेथून त्याने वजिरावरच नेम धरला. वजीर सरकला व पुन्हा घोड्यावर रोखला गेला. घोडा पूर्वस्थानी परतला, तो पुन्हा वजिरावर नेम धरूनच. वजिराने हा पाठलाग सोडणे पांढऱ्यास लाभाचे नव्हते. एकच स्थिती तीनदा आल्यास बरोबरी मागता येते. ती पुनरावृत्ती अटळ दिसताच डाव थांबला.

पुढे तो सामना कार्लसन यांनी जिंकला. दहा डावांपैकी तीन त्यांनी जिंकले, सात बरोबरीत सुटले. तरीही पहिल्या डावाचे मोल कमी होत नाही. क्लबात डाव बरोबरीत सुटला, की खेळाडू अखेरच्या चालींना किंवा धैर्याच्या अभावाला दोष देतात. त्यांनी प्रथम आपली प्यादी तपासावीत. घोडा मागे येऊ शकतो, वजीरही येतो. पुढे गेलेल्या प्याद्याला मात्र माघार नाही, आणि त्याने सोडलेले घर प्रतिपक्षाचे होते.