केरेनची खिंड

अमुक नगर जिंकले असे आपण सहज म्हणून जातो. परंतु खरी झुंज पुष्कळदा नगराकडे जाणाऱ्या वाटेसाठीच होते. १९४१ साली पूर्व आफ्रिकेत झालेला केरेनचा संग्राम त्यांपैकीच एक.

केरेन हे एरिट्रियातील डोंगराळ प्रदेशात वसलेले गाव. एरिट्रिया तेव्हा इटलीची वसाहत होती. पश्चिमेकडून राजधानी अस्मारा गाठायची, तर डोंगोलास नावाच्या अरुंद खिंडीतून केरेनलाच यावे लागे. इटालियनांनी कडे सुरुंगांनी उडवून खिंडीतला रस्ता शिळांनी बुजविला होता आणि दोन्ही अंगांच्या शिखरांवर तोफा रोखल्या होत्या.

जनरल प्लॅट यांच्या हाताखालील चौथ्या व पाचव्या हिंदी डिव्हिजनांवर ही वाट उघडण्याचे काम आले. फेब्रुवारीतले हल्ले शिखरांवरून परतविले गेले. १२ फेब्रुवारीला राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम उजवे पाऊल तुटल्यावरही शिपायांना पुढे जाण्याची खूण करीत राहिले आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. दारूगोळा आणि पाणी माणसांनीच पाठीवरून वर न्यायचे, ही तेथली नित्याची परीक्षा होती.

१५ मार्चला निर्णायक चढाई सुरू झाली. सायंकाळी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी ‘पिनॅकल’ टेकडी घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्रिटिश पलटणीने डोलोगोरोडॉकचा किल्ला सर केला. किल्ल्यावरून रस्त्यातला अडसर प्रथमच नीट दिसला आणि तो फोडण्याची योजना आखता आली. शत्रूचे अनेक प्रतिहल्ले परतवून किल्ला राखला गेला. २५ मार्चला पायदळाने खिंडीचे दोन्ही काठ घेतले. मग सफरमैनांनी सुरुंग आणि पहारी चालवून शिळा हटविल्या. सांचिल हे पश्चिमेकडचे शिखर अखेरपर्यंत शत्रूच्या हाती होते. तरीही वाट मोकळी होताच २७ मार्चला केरेन पडले. १ एप्रिलला अस्माराही हाती आले.

या विजयासाठी पाचशेहून अधिक सैनिक मेले, तीन हजारांहून अधिक जखमी झाले. इटालियन बाजूची प्राणहानी याहून पुष्कळ मोठी होती. त्या बाजूने लढणाऱ्यांत एरिट्रियाचे भूमिपुत्रही हजारोंनी होते. परक्या सत्तेखालचे दोन देश परक्यांच्या निशाणांखाली एकमेकांशी झुंजले! भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, एरिट्रिया १९९३ साली. केरेनच्या भूमीवर अग्निसंस्कार झालेल्या हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक आहे. त्या खिंडीची खरी किंमत तेथे वाचावी.